जवस परत शेतात आणायचं असेल तर

"जवसाला काय लागतं हो, टाकलं की येतं." हे मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांनी स्वतः जवस शेवटचं पाहून निदान तीस वर्षं झाली होती. मी त्यांचं ऐकलं आणि पहिल्याच वर्षी दोन एकर टाकलं. आलंही. फक्त कापणीच्या वेळी ते शोधायला तणात वाकावं लागलं. चाळून, उफणून हाती लागलं ते एकरी पावणेदोन क्विंटल, आणि त्यातही तणाचं बी होतंच. त्यानंतर सात हंगाम झाले. एक हंगाम सोडला तर दर वर्षी जवस करतोय, आणि एकदाही लागोपाठ त्याच वावरात नाही. जे काही शिकलो ते बहुतेक चुकूनच शिकलो. तुमच्या चुका थोड्या कमी व्हाव्यात म्हणून हे लिहितोय.

आधी या पिकाचा स्वभाव समजून घ्या. जवसाचं पान अरुंद, खोड सडपातळ. गव्हासारखं ते फुटवे काढून जमीन झाकत नाही, वाटाण्यासारखं पसरत नाही. उगवल्यावर तीन-चार आठवडे बोटभर उंचीवर उभं राहतं, जणू विचार करतंय. तेवढ्या वेळात तण त्याच्या डोक्यावरून जातं. फवारणी करणाऱ्याला याचं काही वाटत नाही. आपण सेंद्रिय, आपल्या हातात फवारा नाही. म्हणून जवसाचं वावर पेरणीच्या महिन्यात निवडायचं नसतं, दोन वर्षं आधी निवडायचं असतं. मी आता माझं सगळ्यांत स्वच्छ वावर जवसाला देतो, चांगलं देतोच असं नाही. मध्यम जमीन चालते. तणाची जमीन मात्र कितीही कसदार असली तरी चालत नाही.

स्वच्छ म्हणजे काय? आदल्या हंगामात तिथे दाट वाढणारं, तण दाबणारं धान्य असावं, किंवा फुलायच्या आधी कापून गाडलेलं हिरवळीचं पीक. कडधान्याचा बेवड उत्तम. मोहरीवर्गीय पिकाचा बेवड मात्र टाळा, आणि हे मी ऐकीव सांगत नाही. तिसऱ्या वर्षी मोहरी काढलेल्या तुकड्यात जवस पेरलं. शेजारच्याच तुकड्यातलं गुडघ्याला लागत होतं तेव्हा इथलं वीतभर आणि पिवळट. कारण नंतर कळलं. मुळांशी भागीदारी करणारी एक बुरशी असते, मायकोरायझा. ती जमिनीतलं स्फुरद आणि जस्त मुळांपर्यंत आणून देते. जवस तिच्यावर फार विसंबून असतं. मोहरीच्या कुळातली पिकं तिला आसराच देत नाहीत. त्यामुळे मोहरीनंतर त्या जमिनीत ही भागीदार बुरशी कमी झालेली असते, आणि वरून रासायनिक खत टाकून उणीव भरून काढायची सोय आपल्याला नाही.

शेणखताचंही तसंच. "जवसाला गाडीभर खत टाकलं" असं कौतुकाने कुणी सांगितलं की मी गप्प बसतो. नत्र जास्त झालं की जवस उंच जातं आणि पहिल्या वाऱ्यात लोळतं. शिवाय नीट न कुजलेल्या खतातून तणाचं बी फुकटात येतं. खत द्यायचंच असेल तर आधीच्या पिकाला द्या. त्याचं उरलंसुरलं जवसाला पुरतं.

आता फेरपालट. इथे थोडं थांबतो, कारण जुने लोक "जवस जमीन खातं" म्हणायचे त्यामागे खरी गोष्ट आहे, फक्त कारण वेगळं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात नवी जमीन फोडली की पहिलं पीक जवस घ्यायची रीत पडली होती. दोन-चार वर्षं छान यायचं, मग रोपं उभी वाळायची आणि माणसं आणखी पश्चिमेला नवी जमीन शोधायला निघायची. सगळ्यांची समजूत हीच की जमिनीचा कस गेला. नॉर्थ डकोटाचे वनस्पती-रोगतज्ज्ञ हेन्री बॉली यांनी 1901 मध्ये दाखवून दिलं की कस गेलेला नाही, जमिनीत फ्युजारियम बुरशी माजली आहे. म्हणजे आपण ज्याला मर म्हणतो तो रोग. त्यांनी आणखी जे केलं ते मला फार आवडतं. फार्गो इथल्या एका तुकड्यात, प्लॉट 30 त्याचं नाव, 1894 पासून वर्षानुवर्षं जवसावर जवसच पेरलं गेलं. जमीन मुद्दाम आजारी ठेवायची, आणि तिच्यात जी मोजकी झाडं तगतील त्यांचं बी धरायचं. मर रोगाला तोंड देणारे वाण त्यातून उभे राहिले.

तेव्हा बियाणं घेताना वाण मररोधक आहे का, हे पहिलं विचारा. आणि वाण कितीही चांगला असला तरी एकदा जवस घेतलेल्या वावरात मध्ये निदान तीन वर्षं दुसरी पिकं घ्या. मी चार घेतो. तांब्याच्या रंगाची पुटकुळी आणणारा तांबेराही याच कारणाने आटोक्यात राहतो. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला आयुष्य पुरं करायला दुसरं झाड लागतं. जवसाच्या तांबेऱ्याला नाही, त्याचा सगळा संसार जवसावरच चालतो आणि तो जुन्या काडावर टिकतो. काड जिथे पडलं तिथेच पुन्हा जवस पेरणं म्हणजे त्याला पाट मांडून देणं.

बियाण्याबद्दल आणखी एक, खास सेंद्रियवाल्यांसाठी. कॅनडातल्या सास्काचेवान विद्यापीठात ट्रिफिड नावाचं जनुकबदल केलेलं जवस तयार झालं होतं. शेतकऱ्यांना भीती होती की युरोप असा माल घेणार नाही. त्यामुळे ते सर्रास शेतात येण्याआधीच 2001 मध्ये त्याची नोंदणी काढून घेतली गेली. विषय संपला असं सगळ्यांनी धरलं. 2009 मध्ये युरोपात पोचलेल्या कॅनडाच्या जवसात त्याचे अंश सापडले आणि बाजार एकदम बंद झाला. ते साध्या वाणांच्या बियाण्यातही थोडं थोडं मिसळलेलं निघालं. ज्याने ते कधी पेरलंच नाही, त्याच्याही कोठारात. म्हणून कुठून तरी पोत्यातलं जवस आणून पेरू नका. बियाणं कुठून आलं याचा कागद घ्या, ते औषध न लावलेलं असल्याचं लिहून घ्या, आणि प्रमाणित माल विकायचा असेल तर जनुकबदलाच्या चाचणीचा अहवाल मागा. मागायला लाजू नका.

घरी एक चाचणी मात्र प्रत्येकाने करावी. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यावर पसरायचे आणि गुंडाळी करून ठेवायची. पहिल्या वेळी मी फडकं पाण्यात बुडवून तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी उघडतो तर प्रत्येक दाण्याभोवती डिंकासारखा बुळबुळीत थर, दाणे एकमेकांना चिकटलेले, बोटाला तार सुटतेय. उगवले फक्त एकेचाळीस. बियाणं परत करायला निघालो होतो. मग पुन्हा लावलं, या वेळी फडकं घट्ट पिळून. सत्त्याऐंशी उगवले. जवसाच्या सालीतच तो चिकट पदार्थ असतो. पाणी जास्त झालं की तो फुगतो, दाण्याला हवा मिळत नाही आणि दाणा गुदमरतो. हे ध्यानात ठेवा, कारण चिबड वावरात जमिनीखाली अगदी हेच होतं.

"एकरी किती किलो?" हा प्रश्न मी उलटा फिरवतो. हजार दाण्यांचं वजन किती? वाणाप्रमाणे ते साधारण 5 ते 8 ग्रॅम भरतं. माझ्या वाणाचं 6 आहे. चौरस मीटरला 400 झाडं उभी हवीत, आणि पेरलेल्यातले निम्मेच वर येतील असं धरलं तर 800 दाणे लागतात, म्हणजे 4.8 ग्रॅम. एकराचे 4,047 चौरस मीटर, म्हणून एकरी 19.4 किलो. फवारणीवाल्याला हे जास्त वाटेल. आपल्याला ही दाटी लागते, कारण तणाची जागा झाडांनीच अडवायची आहे.

पेरणीआधी मी जमीन दोनदा फसवतो. पेरणीसारखीच बारीक तयार करायची, वाफसा धरायचा आणि काहीच न पेरता थांबायचं. आठ-दहा दिवसांत तण हिरवं दिसायला लागतं, की उथळ वखराने ते कापायचं. पुन्हा थांबायचं, पुन्हा कापायचं. खोल मारायचं नाही, नाहीतर खालचं नवं बी वर येतं आणि सगळी कमाई फुकट. यात पेरणीला दोन-तीन आठवडे उशीर होतो आणि उशिराचं उत्पन्न थोडं घटतं, हे खरंय. जवसाला थंडी आवडते. हिवाळा सौम्य असेल तिथे ते हिवाळ्याच्या तोंडावर पेरतात, बर्फ पडतो तिथे बर्फ वितळल्यावर. लवकर पेरलेलं जवस चांगलंच असतं. पण लवकर पेरून तणात गेलेलं आणि उशिरा पेरून स्वच्छ राहिलेलं, दोन्ही मी केलंय. मी उशीर पत्करतो. एकच अपवाद. तुमच्या भागात कळ्यांत अंडी घालणारी माशी असेल, जिची अळी कळी आतून खाते आणि कळीचं फूलच होत नाही, तर लवकर पेरणी हाच मोठा बचाव आहे. तिथे एकदाच फसवा, दोनदा नको.

खोली दोन-अडीच सेंटीमीटर, बस्स. पेरणीयंत्र थोडं पुढे गेलं की मी उतरतो, ओळीत बोट घालतो. पहिलं पेर आत जाईपर्यंत दाणा सापडला पाहिजे. बोट त्याहून आत गेलं तर खोल पडलंय. पहिल्या वर्षी घाईत ते पाहिलं नव्हतं. चाकाच्या मागची ओळ तेवढी उगवली, कारण तिथे माती दबलेली होती, आणि बाकीच्या ओळी विरळ. त्यावरूनच कळलं की पेरल्यावर हलका रूळ फिरवावा. दाण्याला माती चिकटून हवी. पण रूळ फिरवल्यावर जोराचा पाऊस आला तर खपली धरते आणि जवसाच्या रोपात खपली फोडायची ताकद नसते. चिकण जमीन असेल तर आभाळ बघून ठरवा.

उगवून येईपर्यंत तीन-चार दिवसांची एक संधी असते. दाणा फुटलाय पण मान अजून खाली आहे, अशा वेळी अगदी हलकी काटेरी पाळी वरच्या सेंटीमीटरभर मातीत दिली की पांढऱ्या दोऱ्यासारखं तण उपटून पडतं. मान मातीजवळ आली की हात आवरा. जवसाची दोन दलं जमिनीच्या वर येतात. त्यांच्या वरून तुटलं तर बगलेतून नवी फूट येते, खालून तुटलं की झाड गेलं. म्हणून ते वीतभर होईस्तोवर मी काटेरी पाळी लावत नाही. त्याऐवजी ओळीत 25 सेंटीमीटर अंतर ठेवतो आणि मधून कोळपं चालवतो. कोळपणी लवकर करा, दुसरीही करा. तिसरीच्या वेळेला ओळी एकमेकींना मिळालेल्या असतात. मग उरतात ती मोठी तणं हाताने उपटायची.

पहिल्यांदाच करणार असाल तर मी तर म्हणेन जवस एकटं करूच नका, हरभऱ्यात करा. एक ओळ हरभरा, एक ओळ जवस, जवसाचं बियाणं एक तृतीयांशावर आणायचं. हरभऱ्याला नत्र फुकट मिळतं, ओळींमधून हवा खेळते म्हणून त्याच्या पानांवरचा करपा कमी होतो, आणि हरभरा उशिरापर्यंत हिरवाच राहायचा हट्ट धरतो तोही जवस ओल ओढून घेतं त्यामुळे मोडतो. मळणीनंतर वेगळं करायला एक चाळणी पुरते. हरभरा वर, जवस खाली.

फुलोऱ्याबद्दल काय सांगू? पेरल्यापासून पन्नास-साठ दिवसांनी एका सकाळी वावर निळं झालेलं असतं. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर सकाळी बोलवा. दुपारपर्यंत पाकळ्या गळून मातीवर पडलेल्या असतात आणि वावर पुन्हा हिरवं. दुसऱ्या दिवशी नवी फुलं. एका बोंडात पाच कप्पे, कप्प्यात दोन दाणे, म्हणजे फार तर दहा. या काळात ओल कमी पडली की दाणे कमी भरतात. पाणी द्यायची सोय असेल तर फुलोऱ्याच्या सुरुवातीला द्या आणि मग थांबा. बोंडं पिवळी पडायला लागल्यावर पाणी दिलं तर झाड पुन्हा फुलायला बसतं. खाली पिकलेली बोंडं, वर निळी फुलं, आणि तुम्ही कापणीची तारीख हातात धरून उभे.

जनावरं मात्र लांब ठेवा. हिरव्या जवसात सायनाइड सोडणारे पदार्थ असतात. थंडीने मारलेलं किंवा कोवळं पीक चरायला सोडणं धोक्याचं आहे.

कापणी कधी? बोंडं तपकिरी झाली आणि झाड हलवल्यावर आत दाणे खुळखुळले की. माझा कान आता तयार झालाय. वारा सुटला की बांधावरूनच कळतं. चारातली तीन बोंडं तपकिरी असली की कापून ओळीत वाळत टाकता येतं. थेट यंत्राने काढायचं असेल तर आणखी थांबा. जवसाचं बोंड सहसा पटकन फुटत नाही, तेवढी सवड ते देतं. दव असताना अजिबात हात लावू नका. दुसऱ्या वर्षी मी सकाळी नऊलाच मळणीयंत्र वावरात घातलं. वीस मिनिटांत ते थांबलं. ड्रायव्हर खाली वाकला, फिरत्या दांड्याभोवती मनगटाएवढा पीळ बसला होता, ओलसर, हिरवट. विळ्याने अर्धा तास कापत होता. मग कपाळ पुसत म्हणाला, "काका, दोर वळायचा होता तर आधी सांगायचं." चूक त्याची नव्हती. जवसाच्या खोडात तोच धागा आहे ज्याचं लिनन होतं, तो ओला असताना तुटत नाही. आता मी दुपारी बारानंतर, कडक उन्हात सुरू करतो आणि पातं आदल्या दिवशी नवं बसवतो. धार गेलेल्या पात्याने गहू कसाबसा निघतो, जवस नाही.

आणि ट्रॉलीची भोकं बुजवा. जवस चपटं, गुळगुळीत, पाण्यासारखं वाहतं. तुम्हाला न दिसणारी फट त्याला दिसते. माझ्या ट्रॉलीच्या मागच्या फळीत खिळ्याएवढं भोक होतं. किती सांडलं ते पुढच्या हंगामात कळलं. वावरापासून कोठारापर्यंत रस्त्याच्या कडेने जवसाची सरळ ओळ उगवली होती.

साठवताना ओलावा 9 टक्क्यांच्या वर नको. दाणे लहान, एकमेकांना दाबून बसतात, मधून हवा जात नाही. त्यात हिरव्या तणाचे तुकडे असले की त्यांचा ओलावा दाणा ओढून घेतो आणि ढीग आतून तापतो. म्हणून मळणी झाली त्याच संध्याकाळी पहिली उफणणी, मग पातळ पसरणं. पहिला आठवडा रोज ढिगात कोपरापर्यंत हात घाला. ऊब लागली तर लगेच पसरा. अख्खा, कोरडा दाणा पुढे बराच काळ टिकतो. दळलेलं मात्र लवकर खवट होतं, त्यामुळे गिऱ्हाईक ठरल्याशिवाय दळू नका.

गिऱ्हाईक तर खरं पेरणीच्या आधीच ठरवायला हवं. दाण्यासाठी की धाग्यासाठी, हेही तेव्हाच. ही दोन जवळजवळ वेगळी पिकं आहेत. धाग्याचं जवस चौरस मीटरला दोन हजारांच्या आसपास दाणे टाकून इतकं दाट पेरतात की फांदी फुटूच नये. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात आणि दवात काही आठवडे कुजवतात. ते कुजवणं आणि पुढे धागा सोडवणारी गिरणी जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. मी गेलो नाही. दाण्याच्या वाणात साधारण 40 टक्के तेल, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-3 मेदाम्ल. आज सेंद्रिय दाण्याला मागणी आहे ती यामुळेच. हेच आम्ल हवेतला ऑक्सिजन घेऊन तेल वाळवतं, म्हणून ते शतकानुशतकं रंगांत आणि लाकडाच्या पॉलिशात गेलं. पुढे पाण्यात मिसळणारे रंग आले, जमिनीवर याच तेलापासून होणाऱ्या लिनोलियमच्या जागी प्लास्टिक आलं, कपड्यात कापूस तर आधीच आला होता, आणि जवस शेतातून गेलं. स्वतः तेल काढणार असाल तर तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि ढीग आपोआप पेट घेतो. माझ्याकडे तेलघाणीच्या बाहेर पाण्याची झाकणाची बादली आहे, फडकी तिच्यात.

राहिलं काड. ते लवकर कुजत नाही. लांब राहिलं तर पुढच्या पेरणीत यंत्राच्या दातांत अडकतं. एका हंगामात मी दर शंभर पावलांवर उतरून ते ओढत होतो. आता यंत्रालाच बारीक तुकडे करायला लावतो, जास्तीचं गोळा करून पावसाळ्यात वाटेवर अंथरतो. जाळत नाही.

कोठाराच्या आतल्या भिंतीवर खडूने सगळ्या वावरांची नावं लिहिली आहेत, आणि प्रत्येकापुढे जवस शेवटचं कधी झालं ते वर्ष. गेल्या हंगामात विहिरीजवळचं वावर इतकं स्वच्छ होतं की मोह झाला. भिंतीशी जाऊन मोजलं, दोनच वर्षं झाली होती. तिथे ओट पेरलं.